घरचा फोन

निरगुडसरच्या गेणभाऊंनी घाटावर माईक हातात घेऊन नुसतं "हॅलो" म्हटलं, की पार मागं नदीच्या कडेला तंबाखू मळत उभी असलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. आवाजच तसा. हा आवाज त्यांना कारखान्यानं दिला. पारगावला ऊसकाट्यावर कारकून असताना तीस वर्षं त्यांनी लाऊडस्पीकरवरून ट्रॅक्टरांचे नंबर पुकारले. पुढं एकदा कुणाच्या तरी दशक्रियेला निवेदक ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा लोकांनी यांनाच पुढं ढकललं, "भाऊ, आजच्या दिवस तुमीच घ्या चालवून." त्या आजच्या दिवसाला आता अठरा वर्षं झाली.

तुम्ही म्हणाल, दहाव्याला निवेदक कशाला लागतो? तर तुम्ही आमच्या आंबेगाव-जुन्नरकडचा दहावा पाहिलेला नाही. हजार-बाराशे माणूस येतं. मांडव पडतो, खुर्च्या लागतात. पिंडाला कावळा शिवला की महाराजांचं प्रवचन, प्रवचन उरकलं की श्रद्धांजली. सोसायटीच्या चेअरमनपासून वरपर्यंत झाडून सगळे पुढारी हजर, प्रत्येकाला दोन मिनिटं पाहिजेत आणि एकही गडी दोन मिनिटांत खाली बसत नाही. हे सगळं गोडीत हाकायला माणूस लागतो, आणि पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे गेणभाऊ. त्यांची वाक्यं लोकांना पाठ होती. कर्ता पुरुष गेला की "कुटुंबाचा आधारवड कोसळला". बाई गेली की "मायेची सावली हरपली". तरणं पोर गेलं तर मात्र भाऊ फार बोलत नसत, नाव वाचून थांबत. तेवढी समज त्यांना होती.

आणि सुरुवात ठरलेली. "आपापले मोबाईल बंद ठेवा. माणूस एकदाच जातं, फोन काय रोजच येतो." एखाद्याचा वाजलाच, तर भाऊ बोलायचं थांबत आणि त्या माणसाकडं बघत राहत. बिचारा फोन छातीशी धरून मांडवाबाहेर पळे.

त्या मंगळवारी पारगावला रखमाजी पाटलांचा दहावा होता. श्रद्धांजल्या ऐन रंगात आलेल्या. गेणभाऊ पुढच्या वक्त्याचं नाव घेणार, तेवढ्यात त्यांच्याच नेहरूशर्टाच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिला. सोनी. म्हणजे बायको, सोनीबाई. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. हिचा फोन म्हणजे काय असणार? येताना दळण आणा, नाहीतर जेवायला घरी आहात का. भाऊंनी अंगठा दाबून फोन कट केला, सायलेंटवर टाकला आणि खालच्या पिशवीत ठेवून दिला.

पाऊण तासानं पिशवी उचलली तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते. भावकीतले, शेजारचे, चाकणहून लेकीचे. सोनीचा मात्र पुन्हा एकही नव्हता. सोनीबाईला मागच्या ओट्यावर शेजारच्या गोजरबाईनं पडलेलं पाहिलं होतं, गल्लीतल्या पोरांनी उचलून गाडीत घालून मंचरला दवाखान्यात नेलं होतं, आणि डॉक्टरांनी तपासून मान हलवली होती. झटका मोठा होता म्हणाले. वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायचं धाडस गेणभाऊंना झालं नाही. अजून झालेलं नाही.

तर खरी गोष्ट ही एवढी. आणि ती त्या घडीला जगात एकट्या गेणभाऊंना ठाऊक होती.

दुखाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी आली, पाटीभर. कडू घास म्हणून सगळ्यांनी चार-चार घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, पण माणसांची रीघ पहिल्या दिवसापासूनच लागली होती. भेटायला येणाराला विचारावंच लागतं, "कसं झालं वो अचानक?" न विचारून कसं चालंल? आणि घरच्याला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी गेणभाऊंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "मी पारगावला व्हतो... फोन सायलेंटवर व्हता... कळलंच न्हाई." एवढंच. माणसं हळहळली. "तुमी तरी काय करणार, भाऊ."

दुसऱ्या दिवशी हेच त्यांनी जरा नीट सांगितलं. चौथ्या दिवशी त्यात पिशवी आली, सतरा मिस्ड कॉल आले. सहाव्या दिवसापर्यंत हकिकत अशी घोटून तयार झाली, की कुठं थांबायचं, कुठं उपरण्यानं डोळे पुसायचे, समोरचा कुठं "अरेरे" म्हणणार, सगळं भाऊंना आधीच कळायला लागलं. अठरा वर्षांची सवय, दुसरं काय! आणि प्रत्येक खेपेला त्यात एक वाक्य असायचं, फोन सायलेंटवर व्हता. साफ खोटं. चाळीस घरं येऊन गेली, चाळीस वेळा ते खोटं बोलले. रडू मात्र खरं होतं. त्याचाच त्यांना जास्त राग यायचा.

वर लोकांची वाक्यं! पारगावचे पाहुणे पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मायेची सावली हरपली, भाऊ." खडकवाडीची मेहुणी म्हणाली, "अहेवपणी गेली, भाग्याची बाई. मळवट भरून गेली." कुणी म्हणालं, काळाच्या पुढं कुणाचं चालतं. गेणभाऊ मान डोलवत राहिले. ही सगळी वाक्यं त्यांचीच होती. त्यांनीच घाटाघाटावर वाटलेली, आता एकेक करून घरी परत येत होती. अरे, हे ऐकून माणसाला काहीसुद्धा होत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. काही म्हणजे काही होत नाही. माशी बसून उठावी तसं.

लेक हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकायची. एकुलती एक. चाकणला एका कंपनीत नोकरीला, नवराही तिथंच. दहाव्यापर्यंत रजा टाकून ती एकटी राहिली होती. ती बापाशी बोलत नव्हती. म्हणजे तशी बोलायची, चहा घ्या, गोळी घेतली का, टॉवेल कुठं आहे. पण तोंडाकडं बघून नाही. आणि आईचा मोबाईल तिनं कमरेला ओढणीत बांधून ठेवला होता. चार्जिंगला लावला तरी शेजारी बसून राहायची.

त्या मोबाईलची गेणभाऊंना भीती बसली. त्यात यादी असणार. नऊ वाजून सात मिनिटांनी कुणाला लावला, वाजला किती, तोडला कधी. पोरगी शिकलेली, तिनं पाहिलंच असणार. म्हणून तर ती बोलत नाही. बाप चारचौघांत सायलेंट-सायलेंट म्हणतो आणि ती दारात उभी राहून ऐकते. आता दहावा झाला की ती पिशवी भरून चाकणला जाईल, आणि मग या घरी कशाला येईल? बायको गेली ती गेली, लेकही या एका अंगठ्यापायी जाणार, हे भाऊंना लख्ख दिसत होतं. तिला सांगून टाकावं असं दिवसातून दहादा वाटायचं, आणि ती समोर आली की ते गोळीचं पाकीट शोधायला लागत.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं, की ते आलं की घरात बरं वाटायचं. गोजरबाई. पंचाहत्तरीची म्हातारी, शेजारची. ती सांत्वनाचं अक्षर बोलायची नाही. उजाडताच यायची, अंगण झाडायची, पाण्याचा हंडा भरायची, मग पाय पसरून भिंतीला टेकून शेंगा फोडत बसायची. लोक आले की सरकून जागा द्यायची, गेले की पुन्हा मधोमध. सातव्या दिवशी दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. हर्षाली न्हाणीत होती.

"गोजरमावशी," गेणभाऊ म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय."

"मला नको सांगू." म्हातारीनं शेंग फोडली. "ती मला पडल्याली दिसली तवा तिच्या हातात फोन व्हता, गेणू. घट धरल्याला. मीच बोटं सोडवून काढला."

भाऊंनी न्हाणीच्या दाराकडं पाहिलं.

"मी न्हाई विचारलं कुणाला लावला व्हता. मला काय करायचंय? माझ्याजवळ बोलून तुझं काय हलकं व्हणार न्हाई. ज्येला सांगायचं त्येला सांग." आणि तिनं मूठभर दाणे त्यांच्या पुढ्यात सरकवले. "खा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

गेणभाऊंनी मनाशी एक ठरवलं. दहाव्याला. पिंड ठेवले आणि कावळा शिवत नसला, की घरचे एकेक पुढं होऊन हात जोडून काहीतरी बोलतात. लेकीला अंतर देणार नाही, शेत विकणार नाही. भाऊंनी शंभरदा पाहिलेलं. तेव्हा आपण पुढं व्हायचं, लेक शेजारी असेल, आणि सोनीला म्हणून सगळं सांगून टाकायचं. पिंडाला सांगितलं की लेकीला आपोआप कळेल. एवढा मोठा गडी, हजार माणसांपुढं बोलणारा, आणि लेकीशी बोलायला कावळ्याचा आडोसा शोधत होता.

दहावा उजाडला. भाऊंनी मुंडण केलं, ओल्या पंच्यानं पिंड मांडले, बाजूला झाले. आणि काय सांगायचं? दोन पावलं मागं सरतात न सरतात तोच झाडावरून कावळा उतरला आणि चोच मारून मोकळा! एक नाही, पाठोपाठ चार उतरले. सोनीबाई रोज सकाळी ओट्यावर भाकरीचे तुकडे टाकायची, तिची कावळ्यांशी जुनी ओळख. भाऊंचे जोडायला उचललेले हात तसेच राहिले.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "कसलीच इच्छा राहिली न्हाई माऊलीची."

"भरल्या मनानं गेली."

ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मांडवात खुर्चीवर येऊन बसेपर्यंत पंधरा जणांनी भाऊंना ते ऐकवलं. हर्षाली बायकांत पुढं बसली होती. ओढणीची गाठ तिनं मुठीत धरलेली.

निवेदनाला सुदर्शन होता, शाळामास्तर, भाऊंच्या हाताखालीच तयार झालेला. चांगला बोलत होता. "आपापले मोबाईल बंद ठेवा," त्यानं सुरुवात केली, "आमचे भाऊ नेहमी सांगतात, माणूस एकदाच जातं, फोन काय रोजच येतो." लोकांनी कौतुकानं भाऊंकडं पाहिलं. भाऊ जमिनीकडं पाहत होते. प्रवचन झालं. अकरा श्रद्धांजल्या झाल्या. अकराही जणांनी सोनीबाईला अन्नपूर्णा म्हटलं. त्यातल्या सातांनी तिच्या हातचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता.

शेवटी घरच्यांतर्फे आभार. ते पुतण्यानं मानायचे ठरलं होतं. पण तो उठायच्या आत गेणभाऊ उठले आणि त्यांनी सुदर्शनच्या हातातला माईक घेतला.

"हॅलो," ते म्हणाले, आणि नदीच्या कडेपर्यंत सगळं गप्प झालं.

"आज सकाळधरनं मला समदे सांगत्यात, सोनीबाईची काय इच्छा राहिली न्हाई. राहिली व्हती. तिला माझ्याशी बोलायचं व्हतं. तिनं मला फोन केला. मी पारगावला असाच माईक धरून उभा व्हतो. माझा फोन सायलेंटवर न्हवता. मी तिचं नाव वाचलं आन् कट केला. तुमी घरी आला, तुमाला मी दहा दिवस खोटं सांगितलं."

सुदर्शनचा हात माईककडं आला आणि अर्ध्यावरच थांबला.

"अठरा वर्षं तुमाला सांगत आलो, मोबाईल बंद ठेवा. चुकलं माझं. चालू ठेवा. घरचा फोन आला तर उठा, बाजूला जा, घ्या. गेलेलं माणूस थांबंल दोन मिन्टं. त्येला आता कुठं जायाचंय?"

एवढं बोलून त्यांनी माईक सुदर्शनला दिला आणि खाली बसले. मागच्या खुर्चीवरचा एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, "हे काय घाटावर बोलायचं असतं व्हय!" बाकी मग पसायदान झालं आणि लोक उठून चपला शोधू लागले.

दुपारी जेवणावळी उरकल्या, पाहुणे पांगले. गोजरबाई भांडी मोजून शेजारच्यांची शेजारी पोचवायला गेली. गेणभाऊ ओट्यावर बसले होते, जिथं सोनीबाई पडली त्याच्या जवळच. हर्षाली बाहेर आली आणि समोर उभी राहिली.

"हजार माणसांना सांगितलंत," ती म्हणाली. "मला एकटीला सांगता नाही आलं?"

"न्हाई आलं, बाळा."

"दहा दिवस मी दारात उभी राहून ऐकत होते, आप्पा."

"माहितीय मला. तुला यादीत दिसलं असंल."

तिनं ओढणीची गाठ सोडली. मोबाईल काढला, दाबून उघडला आणि त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो लांब धरून वाचला. वरती 'आप्पा', नऊ सात. हे ते दहा दिवस मनात वाचतच होते. पण त्याच्या खाली अजून एक नाव होतं. 'हर्षू', नऊ चार.

"आधी मला केला होता," हर्षाली म्हणाली. "सकाळची मीटिंग चालू होती. आई रोज नऊला करायचीच ना, डबा खाल्लास का म्हणून. मला वाटलं तेच. मी कट केला." तिनं त्या नावावर बोट ठेवलं. "मी कट केला म्हणून तिनं तुम्हाला लावला. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, सायलेंटवर होता. मला वाटायचं, आप्पांना निदान माहीत तरी नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही कधीतरी हा फोन मागाल आणि बघाल, म्हणून मी तो सोडत नव्हते."

"आन् मला वाटत व्हतं, तू माझं बघितलंस म्हणून सोडत न्हाईस," गेणभाऊ म्हणाले.

ती खाली बसली आणि रडायला लागली, दहा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. गेणभाऊंनी तोंड उघडलं. आधारवड, सावली, काळाचा घाला, सगळं जिभेवर येऊन गेलं, आणि त्यातलं एकही या पोरीला देण्यासारखं नव्हतं. ते सरकून तिच्याजवळ बसले. मग त्यांना आठवलं, पंगती वाढताना तिला फिरताना पाहिलं होतं, बसताना नाही.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तिनं रडता रडता मान हलवली. नाही.

"मग ऊठ. मीबी न्हाई जेवलो."

पुढं तीन महिन्यांनी गेणभाऊ पुन्हा माईकवर उभे राहिले. राहणार नव्हते, पण लोकांनी सोडलं नाही, आणि सुदर्शनला शाळेची परीक्षा आडवी आली. गाव दुसरं, घाट दुसरा. गेलेली बाई सत्तरीची होती. मोबाईलचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. सावली वगैरेही नाही. बाईचं नाव सांगितलं, तिच्या हातची कुरडई गावात कुणाला जमत नसे हे घरच्यांकडून विचारून आणलेलं सांगितलं, आणि वक्त्यांची नावं घ्यायला लागले.

चौथ्या नावाला त्यांचा खिसा वाजला. नुसता थरथरला नाही, चांगला खणखणीत वाजला. घड्याळात नऊ. माणसं चपापली. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. माईकपाशी येऊन उभे राहिलेले चेअरमन भाषणाचा कागद हातात घेऊन तसेच थांबले.

भाऊंनी फोन काढला, नाव वाचलं आणि कानाला लावला. दुसऱ्या हातातला माईक खाली करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, त्यामुळं पुढचं सगळं मांडवभर ऐकू गेलं.

"हां, बोल, बाळा... न्हाई, घाटावर हाय... चालू हाय कार्यक्रम, चालू दे की... घेतली गोळी. भाकरी खाऊन घेतली... तू खाल्लास का डबा?... खाऊन घे मग. आधी खाऊन घे."

हजार माणूस बसून होतं. भाऊंनी फोन खिशात ठेवला तेव्हा पुढच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणती पोरगी?"

"जेवती म्हणाली आता," गेणभाऊ म्हणाले, आणि त्यांनी चेअरमनांना बोलायला बोलावलं.